सोडून गेलेल्यांना विचारणारी

कुठल्याही नव्या ठिकाणी गेली की मिस जे सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची. "माझ्या आधी इथे कोण होतं? ते का सोडून गेलं?" पगार, सुट्ट्या, जेवणाची वेळ हे सगळं नंतर.

आमच्या डेकेअरमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा मी डिरेक्टर बाईंच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालत होते. उंच, काळी पोरगी, डोक्यावर बारीक बारीक वेण्या, आणि बोलणं असं मऊ की समोरच्याला आपण सवाल-जवाबात सापडलोय हे कळायला वेळ लागावा. बाई म्हणाल्या, "लोक इथे येऊन पगार विचारतात." ती म्हणाली, "तोही विचारणार आहे मॅम. पण आधीच्या टीचरचा नंबर मिळेल का?" मी घडी घालायची थांबले. म्हटलं, गेली हिची नोकरी, लागायच्या आधीच. पण बाई हसल्या, आधीच्या टीचरला विचारून त्यांनी नंबर दिला. सोमवारी मिस जे कामावर आली ती एक जाड टॉवेल गुंडाळून घेऊन. सरळ खिडकीपाशी गेली आणि खालच्या फटीत तो कोंबला. "त्या म्हणाल्या, इथून वारा येतो, आणि नेमका टीचरच्या पाठीवर." मी दोन हिवाळे त्या खिडकीला पाठ लावून बसत होते आणि पाठ दुखते ती वयामुळे, असं समजत होते.

तिचं सगळं असंच. जुनी गाडी घेतली ती आधीच्या मालकाशी बोलून. खोली घेतली ती आधीच्या भाडेकरूला शोधून काढून. एकदा मी गमतीनं विचारलं, "तुझ्या त्या मित्राच्या आधीच्या मैत्रिणीचा नंबर घेतलास की नाही?" ती गंभीरपणे म्हणाली, "घेतला ना. चांगली मुलगी आहे. महिन्यातून एकदा आम्ही जेवायला जातो." घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तुझी ती चौकशी खिडकी भलतीच आहे." तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव चौकशी खिडकी.

मी कोण, तेही सांगायला हवं. माझा भाऊ वर उत्तरेत नोव्हाय गावी मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्यानं आमचे अमेरिकेत यायचे कागद केले, पुष्कळ वर्षं वाट बघितल्यावर ते आले, आणि यांना अल्फारेटाजवळ गोदामात काम मिळालं म्हणून आम्ही इकडे जॉर्जियात उतरलो. मी नववीतून शाळा सोडलेली. इथे वर्गाची टीचर व्हायला शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट लागतं. मला मदतनीस म्हणून घेतलं, तेवढ्यावरच मी कृतज्ञ होते. डेकेअरमध्ये निम्मी मुलं आपली, पुण्याची, नागपूरची, हैदराबादची. त्यांच्याशी घरच्या भाषेत बोलणारं कोणीतरी हवं होतं. त्या दिवसांत मी सगळ्यांना थँक्यू म्हणायचे. दुकानाचं काचेचं दार आपोआप सरकलं तरी तोंडातून थँक्यू निघायचं. आणि सतत एक भीती, की आज कोणीतरी विचारेल, तुम्ही शिकलात किती.

मुलं मला मावशी म्हणायची. मिस जेला वाटलं ते माझं नावच आहे. तिच्याकडे मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे आईचा धपाटा, म्हणून मी झाले "मिस मावशी". नंतर तिला अर्थ कळला, तरी तिनं ते बदललं नाही. म्हणाली, "आता तर दुप्पट मान झाला."

आमची सगळी मैत्री कुजबुजत झाली. दुपारी जेवणं झाली की मुलांना छोट्या खाटांवर झोपवायचं, पडदे ओढायचे, आणि दोघींनी दोन बाजूंना बसून थोपटायचं. मोठ्यानं बोललेलं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं, पण कुजबुजताना माणूस सावकाश बोलतो, एकेक शब्द सुटा ठेवतो, त्यामुळे मिस जेचं सगळं मला समजायचं. तिनं माझं थोपटणं उचललं, मी तिचं इंग्रजी. "गाई गाई" ती असं म्हणायची की मुलं आधी हसायची, मग झोपायची.

आपल्या लोकांचं तिच्याशी वागणं मी रोज बघायचे. बघवायचं नाही. एक आई, पुण्याची, कॉम्प्युटरवाली, स्वभावानं चांगलीच बाई. वर्गाची टीचर मिस जे आहे हे दारावर लिहिलेलं असून तिला ओलांडून माझ्याकडे यायची. "मावशी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे बाई. हे कफचं औषध, दोन वाजता. तुम्हीच द्या हं." मिस जेला मराठी येत नव्हतं, पण हे कळायला भाषा कशाला लागते? ती गोड हसून म्हणाली, "मिस मावशींना जरूर सांगा. औषधाच्या कागदावर सही मात्र माझी लागेल." आई ओशाळली, पेन शोधू लागली. ती गेल्यावर मी जमिनीकडे बघत सॉरी म्हटलं. मिस जे म्हणाली, "तुम्ही का सॉरी? तुम्हाला तर बढती मिळाली." आणि आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो, कारण मुलं झोपायची होती.

ही नोकरी तिची मधल्या काळातली होती. अटलांटातल्या एका कॉलेजातून ती गणित घेऊन पास झाली होती आणि स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायला निघाली होती. ते कॉलेज ब्लॅक मुलांसाठीच उभं राहिलेलं. त्याबद्दल ती एकदा म्हणाली, "तिथे वर्गात बसल्यावर मी कोण आहे हे मला आठवावं लागायचं नाही, मिस मावशी. गणित चुकतंय का एवढंच बघायचं." आता जिथे जायचं तिथे साऱ्या विभागात तिच्यासारखी ती एकटी, फार तर दोघी. हुशारीची तिला काळजी नव्हती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की कुठे गेलं तर पाच वर्षं टिकता येईल. आणि तिच्या रीतीप्रमाणे ती टिकलेल्यांना विचारतच नव्हती. "टिकलेले सगळे छानच सांगतात," म्हणायची. "मला सोडून गेलेले हवेत."

अशाच एका दुपारी माझा नंबर लागला. तिनं विचारलं, "तुम्ही शाळेत किती वर्षं होतात?" ज्या प्रश्नाला मी इतकी घाबरत होते तो आला, तोही इतक्या हळू आवाजात. नववी, मी म्हटलं. वाटलं, आता विचारेल का सोडली. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, सगळ्यांना सांगते तेच, घरची परिस्थिती. पण तिनं ते विचारलंच नाही. "पहिल्यांदा कधी वाटलं, आज नको जायला?"

मी थोपटत राहिले. मूल केव्हाच झोपलं होतं.

आमच्या वस्तीतून तालुक्याच्या हायस्कुलात जाणारी मी एकटी मुलगी होते. कोणी मला हाकललं नाही, कोणी वाईट बोललं नाही. एक दिवस विज्ञानाच्या तासाला प्रयोग होता. सर म्हणाले, आपापले गट करा. मी पहिल्या बाकापाशी गेले, त्या म्हणाल्या आमचा झाला. दुसऱ्या बाकापाशी गेले, त्यांचाही झाला होता. सगळा वर्ग फिरून मी भिंतीशी उभी राहिले. सर चांगले होते हो. त्यांनी प्रेमानं सांगितलं, "तू बघ इथून, दिसतंय ना?" दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पोट दुखलं. मग ते अधूनमधून दुखायला लागलं, आणि वर्ष संपायच्या आत माझी शाळा सुटली. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, अगदी यांनाही नाही. मलाच ती गोष्ट आहे असं वाटलं नव्हतं.

 मिस जे अरेरे म्हणाली नाही, बिच्चाऱ्या म्हणाली नाही. म्हणाली, "गट. हे मी आजवर कोणाला विचारतच नव्हते. थँक्यू मॅम."

मार्चपर्यंत तिच्या हातात दोन जागा उरल्या. एक पूर्वेकडचं मोठं विद्यापीठ, ज्याचं नाव आमच्या डेकेअरमधल्या मुलांच्या आया ऐकताच सरळ उभ्या राहिल्या. दुसरं उत्तरेकडचं, बर्फातलं, ज्याचं नाव ऐकून त्याच आया म्हणाल्या, "अच्छा." दोन्हीकडे फी माफ आणि राहण्याखाण्याचे पैसेही. दोन्हीकडे तिला विद्यापीठ बघायला बोलावलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत एकाला हो म्हणायचं होतं. तिची आई शाळेची बस चालवायची. घराण्यातली पहिली पीएचडी होणार, ती मोठ्या नावाच्या घरी व्हावी असं आईच्या मनानं केव्हाच घेतलं होतं. आई म्हणायची, "त्या नावानं तुला सगळी दारं उघडतील, बेबी." मिस जे म्हणायची, "उघडतील मम्मा. पण आत मी कोणाशेजारी बसणार, ते बघू दे."

मोठ्या विद्यापीठात तिचं स्वागत छान झालं. विभागप्रमुख स्वतः जेवायला शेजारी बसले. तिनं विचारलं, "पहिल्या वर्षाचा होमवर्क मुलं गटानं करतात ना? ते गट कोण पाडतं?" ते मनापासून म्हणाले, "अहो, आम्ही त्यात पडतच नाही. गट आपोआप होतात."

हे मला सांगताना ती "आपोआप" हा शब्द जपून खाली ठेवावा तसा उच्चारून थांबली.  मी ते गट बघितले होते, भिंतीपासून.

सोडून गेलेल्यांचे नंबर त्या विद्यापीठानं दिले नाहीत, नियमात बसत नाही म्हणाले. मग तिनं विभागाचे जुने फोटो इंटरनेटवर पाहिले. दरवर्षी सगळी मुलं पायऱ्यांवर उभी. एका वर्षी मागच्या रांगेत एक ब्लॅक मुलगी, पुढच्या वर्षी ती नाही. मिस जेनं तिला शोधलं. ती आता कुठल्याशा विमा कंपनीत होती, आनंदात होती. तिला तोच प्रश्न विचारला. ती बाई म्हणाली, "पहिला होमवर्क. रविवारी कोणाच्या तरी घरी बसून सगळ्यांनी सोडवला. मला सोमवारी कळलं. मुद्दाम कोणीच केलं नव्हतं." फोन ठेवताना तिनं विचारलं, "हे विचारायचं तुला सुचलं कसं?" मिस जे म्हणाली, "माझ्याबरोबर एक मिस मावशी काम करतात."

बर्फातल्या विद्यापीठानं नंबर स्वतःहून दिले. तिथून गेलेल्या एकानं मार्गदर्शकाच्या नावानं खडे फोडले, दुसरीनं थंडीच्या नावानं. पण गट? ते मास्तर पाडतात, म्हणाले, आणि मध्येच बदलतातही. त्यावरून मुलं कुरकुर करतात.

आता माझी झोप उडाली. मी काय बोलून बसले होते? कुठली कोण मी, कुठलं ते तालुक्याचं हायस्कूल, आणि त्यावरून ही पोर एवढं मोठं नाव सोडायला निघाली. उद्या तिचं वाईट झालं तर? दुपारी पडदे ओढल्याबरोबर मी सुरू झाले. "हे बघ, माझं काही ऐकू नकोस. मला त्यातलं काय कळतं? माझं ते लहानपणचं. तू हुशार आहेस, तू तुझा गट करशील."

"करीन," ती म्हणाली. "मी गेले तर नक्की करीन. पण त्यात जेवढा जीव जाईल तेवढा गणिताचा कमी होईल ना?"

"तुझी आई काय म्हणेल?"

"म्हणायचं ते म्हणून झालंय. काल तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं."

"बघ. माझ्यामुळे."

"मिस मावशी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कुजबुजीच्या वर आला, एका मुलानं कूस बदलली. "तुम्ही मला कुठे जा हे सांगितलंच नाही. काय विचारायचं ते मला तुमच्याकडून कळलं. ठरवलं मी."

आणि खरंच ठरवलं. मांडीवर एका तेलुगू बाळाचं डोकं, एका हातानं थोपटणं चालू, दुसऱ्या हातानं फोनवर बर्फाला हो आणि मोठ्या नावाला नम्र नाही. बाळ उठलंसुद्धा नाही. मीच रडले.

शेवटच्या दिवशी तिची आई डेकेअरवर आली. मी तिला लांबून ओळखत होते, रुंद खांद्यांची, बसचा निळा शर्ट, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला केक. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ती गटाची गोष्ट सांगणाऱ्या तुम्हीच का?" मी म्हटलं, हो मॅम, सॉरी मॅम. ती म्हणाली, "मी खूप रागावले होते. मग एकदा सकाळी बसमध्ये बसले होते आणि लक्षात आलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी मुलं चढतात तेव्हा प्रत्येकाची जागा मी ठरवून देते. पोरं कटकट करतात, आईबाप तक्रार करतात, तरी देते. ती आपोआप बसली की उभं कोण राहतं, ते मला आरशात दिसतं." मग तिनं केक माझ्या हातात दिला. "आणि हे मीच माझ्या पोरीला सांगायला हवं होतं." मिस जे तिच्यामागे उभी होती, उंच, दोन्ही हातांत खोकी. म्हणाली, "मम्मा, मिस मावशींना रडवू नकोस, त्या लगेच रडतात." जाताना तिनं खिडकीच्या फटीतला टॉवेल काढला, नवा कोरा कोंबला, आणि मला सांगितलं, "नवीन टीचरला माझा नंबर द्या. ती मागेलच असं नाही, पण द्या." मी दिला. नवीन टीचर चक्रावली, पण तिनं फोन केला.

हिवाळ्यात एका दुपारी, मुलं नुकतीच झोपली होती, तिचा फोन आला. मी घाबरले, ती अशा वेळी कधी करायची नाही. मी कुजबुजत हॅलो म्हटलं. तिकडून तीही कुजबुजतच बोलली, सवयीनं. "मिस मावशी, आज पहिल्यांदा वाटलं."

काय वाटलं ते मला न विचारताच कळलं, आज नको जायला.  का म्हणून विचारायचं नसतं, एवढं मी तिच्याकडूनच शिकले होते. म्हटलं, "काल काय झालं?" पेपर वाईट गेला होता. आठवडाभर सूर्य नव्हता. दुकानातला माणूस तिच्यामागून फिरला होता, ही काही उचलते का बघत. ती अंथरुणातच होती, जेवणानंतर गट बसायचा होता, आणि तिला उठवत नव्हतं. मी शब्द शोधत राहिले. मोठ्या माणसानं द्यावा तसा धीर मला इंग्रजीत देता येत नाही. इतक्यात तिच्याकडे बेल वाजली. परत वाजली. ती म्हणाली, "थांबा हं." मग दुरून तिचाच आवाज, मोठा, नेहमीचा, "येते रे, येते, बूट घालू द्या." ती फोनवर परत आली. "माझ्या गटातले दोघे खाली उभे आहेत. बर्फात. मी आले नाही म्हणून बघायला आले."

"मग जा की," मी म्हटलं. ती गेली. फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला धरून बसले होते.

तिनं मला कधीही 'शिका' म्हटलं नाही. बहुतेक म्हणूनच मी गेले. आमच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो, शाळेच्या सर्टिफिकेटसाठी. सगळे माझ्यासारखेच, कुठकुठले, अर्ध्यावर सोडून आलेले. मी कोपरा धरून बसले. पहिलाच तास, आणि मॅडम हसतमुखानं म्हणाल्या, "चला, आपापले गट करा." खुर्च्या सरकायला लागल्या.  ओळखीचे ओळखीच्यांकडे गेले, एका भाषेचे एका भाषेकडे. दाराजवळ एक वयस्कर गृहस्थ होते, डोक्यावरची टोपी न काढता बसलेले. त्यांनी एकदा सगळीकडे पाहिलं, मग वही पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन ओढायला लागले.

मी हात वर केला. आयुष्यात वर्गात मी हात वर केला नव्हता. "मॅडम," मी म्हटलं, "नावं तुम्ही वाचा ना. कोण कोणाबरोबर, ते तुम्हीच सांगा. प्लीज."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एकदोघे कुरकुरले. मग त्यांनी हजेरीचा कागद उचलला, चष्मा लावला आणि नावं वाचायला सुरुवात केली. दाराजवळचे ते गृहस्थ ऐकत राहिले. त्यांचं नाव आलं, त्यापाठोपाठ माझं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पिशवीची चेन परत उघडली.